डेंग्यू उतरला, आता चालायला कधी लागायचं?

ताप उतरतो, प्लेटलेट लाखाच्या वर जातात, सलाइनची सुई निघते आणि घरची मंडळी सुटकेचा निःश्वास सोडतात. खरी पंचाईत त्यानंतर सुरू होते. वर्षाच्या सुरुवातीला हौसेने लावून घेतलेलं सकाळचं चालणं, रात्रीचं लवकर आणि हलकं जेवण, चहातली कमी केलेली साखर, सगळी घडी पंधरा दिवसांत विस्कटलेली असते. एक मजला चढला की धाप लागते. तोंडाला चव नसते, किंवा असते ती फक्त वेफर आणि फरसाणाची. आणि भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "आता बरं आहे ना? मग लागा की कामाला!"

हा लेख खेळाडूंसाठी नाही. नुकतीच कुठे चालायची, नीट खायची सवय लागत होती आणि डेंग्यूने ती मोडली, अशा साध्या माणसांसाठी आहे. घरीच बरे झालेले किंवा दोन-चार दिवस दवाखान्यात राहून आलेले लोक डोळ्यांसमोर आहेत. आयसीयूत राहावं लागलं असेल, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल, गरोदरपण असेल तर तुमचे डॉक्टर सांगतील तेच खरं.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. डेंग्यूनंतर लोक आळसाने मागे पडतात असं फार दिसत नाही. ते मागे पडतात पहिल्या बऱ्या दिवशी. आठवडाभर अंथरुणात काढल्यावर एका सकाळी एकदम तरतरी वाटते, माणूस बूट चढवून पाऊण तास चालून येतो, आल्यावर दोन बादल्या कपडेही धुतो, आणि पुढचे तीन दिवस पुन्हा आडवा. म्हणून आज किती करायचं हे आजच्या उत्साहावर ठरवू नका. कालचं केलेलं अंगाला मानवलं का, ते आज सकाळी अंगाला विचारा आणि मग ठरवा.

आधी हिरवा कंदील

डेंग्यूचा ताप साधारण दोन ते सात दिवस राहतो. तो उतरल्यानंतरचे 24 ते 48 तास सर्वांत नाजूक. ताप गेला म्हणजे आजार गेला असं वाटतं, पण पोटात जोराचं दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणं, सुस्ती किंवा बेचैनी ही लक्षणं नेमकी याच वेळी डोकं वर काढतात. या दिवसांत व्यायामाचा विचारसुद्धा नको.

पॅरासिटामॉल न घेता किमान दोन दिवस ताप नाही, पोटात अन्न टिकतंय, लघवी नीट होतेय, आणि शेवटच्या रिपोर्टात प्लेटलेट आपणहून चढताना दिसतायत, एवढं जमलं की डॉक्टरांना सरळ विचारा, "चालायला सुरुवात करू का?" निरोगी माणसात प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असतात. त्या पूर्ववत होईपर्यंत जड वजन, क्रिकेट, कबड्डी, पडायची-आपटायची शक्यता असलेलं काहीही नको. एसजीओटी-एसजीपीटी ही लिव्हरची रक्ततपासणी केली असेल तर तो कागदही दाखवा. डेंग्यूत लिव्हरला सूज येणं सर्रास घडतं, आणि ते आकडे जागेवर येईपर्यंत दारू पूर्ण बंद. "एक बिअरने काय होतंय" हा प्रश्न त्यानंतर विचारा.

छातीत दुखणं, धडधड, जरा चाललं तरी दम लागणं, चक्कर येऊन डोळ्यांसमोर अंधारी, यातलं काही असेल तर ईसीजी झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. बरं होत असताना नाडी थोडी मंद लागते, ते बहुतेकांत आपोआप सुधारतं. पण ते ठरवायचं डॉक्टरांनी, शेजारच्या काकांनी नाही.

आधी पोट, मग पाय

नवखी मंडळी उलटं करतात. आजारात वजन चार किलो उतरलं म्हणून मनातून खूश असतात आणि "हे आता टिकवायचं" म्हणून कमी खात चालायला लागतात. हे उतरलेलं वजन चरबीचं कमी, पाण्याचं आणि स्नायूंचं जास्त. ते टिकवण्यासारखं नाही. पहिले दोन-तीन आठवडे वजनकाटा कपाटावर ठेवून द्या.

पहिल्या चार-पाच दिवसांत भूक नसते, तेव्हा आपल्याकडच्या जुन्या आजारपणाच्या जेवणाला तोड नाही. पेज नीट करा मात्र. अर्धी वाटी जुना तांदूळ, जमल्यास उकडा, धुऊन त्यात सहा-सात वाट्या पाणी घाला आणि मंद आचेवर ठेवा. कुकरच्या शिट्ट्या नकोत. शीत बोटांत दाबलं की पूर्ण विरघळायला हवं आणि वरचं पाणी दुधाळ, किंचित दाट दिसायला हवं. मीठ, चमचाभर तूप, हवं तर जिऱ्याची पूड. कोकणात नि गोव्यात याच्यासोबत लोणच्याची फोड असते. जिभेवर ठेवण्यापुरती घ्यायला हरकत नाही, त्याने तोंडाला चव येते. पण पेजेवर आठवडा काढू नका. तिने पोट सावरतं, अंगात ताकद भरत नाही. ती भरायला प्रथिनं लागतात.

म्हणून पेजेनंतर लगेच मुगाचं कढण, मग मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, मेतकूट-भात, दही-भात. त्यानंतर उकडलेलं अंडं. त्यानंतर नेहमीचं ताट. साधारण आठ-दहा दिवसांत इथवर यायला हवं.

आता प्रथिनांचा हिशोब, कारण इथे बहुतेक घरांत तूट असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे 55 किलोच्या बाईला साधारण 46 ग्रॅम. आजारातून उठताना आहारतज्ज्ञ हा आकडा किलोमागे एक ग्रॅम किंवा थोडा वर नेतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, ग्लासभर दुधात साडेसहा, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, वाटीभर मटकीच्या उसळीत सात, मूठभर शेंगदाण्यांत सात, वाटीभर दह्यात साडेचार-पाच. तीन पोळ्यांतूनही नऊ-दहा मिळतात. म्हणजे शाकाहारी ताटातही पंचेचाळिशी गाठता येते, पण त्यासाठी वरण पातळ पाण्यासारखं आणि उसळ चमचाभर असून चालत नाही. डबाभर प्रोटीन पावडरची गरज बहुतेकांना नाही. किडनीचा त्रास असलेल्यांनी मात्र हा हिशोब डॉक्टरांकडूनच करून घ्यावा.

उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकला. लिंबातलं क जीवनसत्त्व डाळी-पालेभाज्यांतलं लोह अंगी लागायला मदत करतं, चहा तेच अडवतो. आपल्याकडे चहाची वेळ नेमकी जेवणाला चिकटलेली असते.

पपईच्या पानांच्या रसाबद्दल विचाराल तर, ताप जाऊन प्लेटलेट जागेवर आल्यावर तो कडूजहर रस पीत राहण्यात काही अर्थ नाही. किवीचंही तसंच. डेंग्यूच्या दिवसांत तिचे भाव चढतात, एरवी ती नुसतं एक फळ आहे. तेवढ्या पैशांत पेरू, संत्री आणि डझनभर अंडी येतात.

पाणी मात्र विसरू नका. पाऊस सरतो आणि ऑक्टोबरचं ऊन सुरू होतं, आणि नेमका तोच काळ तुमच्या उठण्याचा असतो. ताक, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, शहाळं, सार, काहीही चालेल. लघवी गडद पिवळी दिसली की समजायचं, कमी पडतंय.

पहिला आठवडा: घरातल्या घरात

उठताना घाई करू नका. आधी कुशीवर वळा, मग पलंगाच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसा, पावलं वर-खाली दहा-पंधरा वेळा हलवा, मग उभे राहा. बरेच दिवस आडवं राहिल्यावर एकदम उठलं की रक्तदाब क्षणभर खाली येतो आणि भोवळ येते. बाथरूममध्ये पडणारे बरेच जण असेच पडतात.

चालायचं ते हॉल ते गॅलरी, किंवा सोसायटीच्या पॅसेजमध्ये, पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. एवढंच. हे हास्यास्पद वाटतं हे मान्य, पण पंधरा मिनिटं होतात.

आणि एक भर घाला: खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, पाच वेळा, सावकाश. खाली बसताना धपकन न बसता मांड्यांवर भार घेत बसायचं. पाच वेळा उठताना मांड्या थरथरत असतील तर जिना आणि टेकडी अजून लांब आहे, हे त्यावरून आपोआप कळतं.

घरकाम आणि प्रवास हाही व्यायामच

याच्याकडे कुणी लक्ष देत नाही म्हणून जरा थांबून लिहितो. नवरा आजारातून उठला तर त्याला आठवडाभर हातात चहा मिळतो. आई उठली तर ताप उतरल्याच्या तिसऱ्या दिवशी ती ओट्यापाशी असते. दोन तास उभं राहून चार माणसांचा स्वयंपाक, वाकून केर-लादी, धुणं वाळत घालणं, हे अशक्त शरीराला चालण्याहून कमी नाही. त्यावर "मी व्यायाम कुठे करते अजून" असं म्हणून संध्याकाळी ती बागेत चकराही मारते, आणि दुसऱ्या दिवशी अंग मोडून येतं.

पहिले पंधरा दिवस घरकाम चालण्याच्या खात्यात धरा. ज्या दिवशी लादी पुसली, त्या दिवशी फेरी नाही. कणीक खाली बसून मळा, भाजी टेबलापाशी बसून निवडा. घरच्यांना सांगून टाका की महिनाभर पोळ्या बाहेरून येतील किंवा पोळ्यावाल्या मावशी लावू. यात कसला आलाय कमीपणा!

नोकरदारांचंही तेच. मुंबईत लोकल पकडणाऱ्याला स्टेशनचे दोन पूल, फलाटावरची धावपळ आणि तासभर उभ्याने प्रवास एवढं सक्तीने होतंच. ऑफिस सुरू झालेल्या पहिल्या आठवड्यात वेगळा व्यायाम शून्य ठेवा. जमल्यास गर्दी टळेल अशी वेळ मागून घ्या.

सपाट रस्ता, आणि सकाळची चाचणी

घरातली तीन वेळची पाच मिनिटं त्रास न होता चार-पाच दिवस झाली की बाहेर पडा. सपाट रस्ता, दहा मिनिटं, घरापासून फार लांब न जाता. एकाच दिशेने दहा मिनिटं गेलात तर परत यायलाही दहा लागतात, आणि थकवा नेमका परतीच्या वाटेवर गाठतो. सोसायटीभोवती किंवा मैदानात चकरा मारलेल्या बऱ्या, केव्हाही थांबता येतं. फोन आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा. रिकाम्या पोटी जाऊ नका, आधी एखादं केळं किंवा दोन खजूर खा.

वेग किती? सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. दोन-दोन शब्दांवर श्वास घ्यावा लागतोय तर वेग जास्त. मनगटावरच्या घड्याळाने दहा हजार पावलांचा धोशा लावला असेल तर ते लक्ष्य बदलून दोन हजारांवर आणा किंवा घड्याळ काढून ठेवा.

मग दुसऱ्या दिवशीची चाचणी. जाग आल्यावर, उठण्याआधी, अंथरुणातच अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवून अर्धा मिनिट नाडी मोजा आणि दुप्पट करा. आकडा कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहा. सोबत दोन प्रश्न: झोपेतून उठून अंग हलकं वाटतंय की रात्रभर ओझं वाहिल्यासारखं? आणि सकाळी भूक लागलीय का?

तिन्ही ठीक असतील तर कालचंच आज करा. लगोलग तीन सकाळी ठीक गेल्या की पाच मिनिटं वाढवा. नाडी गेल्या काही दिवसांपेक्षा दहाने वर आहे आणि अंगही जड आहे, तर आज सुट्टी आणि उद्या कालच्या निम्मं. हे नियम कुणाच्या पाठीवरची छडी नाहीत, थोडं पुढेमागे चालतं. पण "आज करावंसं वाटतंय" हे कारण वाढवण्यासाठी पुरेसं धरू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

या हिशोबाने दहाची पंचवीस-तीस मिनिटं व्हायला तीन आठवडे सहज जातात. डेंग्यूनंतरचा थकवा काही आठवडे रेंगाळतो, हे सर्वमान्य आहे. तुमची शेजारीण दहा दिवसांत टेकडी चढत असेल तर चढू दे.

अंग दुखलं म्हणून मेडिकलमधून मनाने ब्रुफेन किंवा अ‍ॅस्पिरिनच्या जातीची गोळी आणू नका. डेंग्यूत या गोळ्या रक्तस्रावाच्या भीतीने टाळतात, आणि प्लेटलेट पूर्ववत झाल्याचा रिपोर्ट हातात नसेल तर ती सावधगिरी अजून संपलेली नाही. गरम पाण्याने शेका आणि दुसऱ्या दिवशी व्यायाम कमी करा.

ताकद, जिना, टेकडी

अर्धा तास सपाट चालणं जमलं की आठवड्यातून दोन दिवस, लागोपाठ नको, थोडं ताकदीचं काम घ्या. खुर्चीतून उठ-बस दहा वेळा, भिंतीला हात टेकून दंड आठ-दहा, ओटा धरून टाचा उचलणं पंधरा वेळा. दोन फेऱ्या. सूर्यनमस्काराची सवय असेल तर तीनच घाला, आणि डोकं खाली जाणाऱ्या आसनात रेंगाळू नका.

जिना नंतर. आधी एक मजला, वर जाऊन थांबायचं, उतरताना कठडा धरायचा. चार मजले न थांबता आणि धाप न लागता झाले की मग पुण्यातल्यांनी पर्वतीचा विचार करावा. जिमवाल्यांनी आजाराआधीच्या निम्म्या वजनापासून सुरुवात करावी. ताकद गमावलेला जुना स्नायू नव्याने तयार होणाऱ्या स्नायूपेक्षा लवकर भरून येतो, त्यामुळे निम्म्यावर फार दिवस राहावं लागत नाही.

नवरात्र आणि दिवाळी

डेंग्यूचा हंगाम आणि सणांचा हंगाम एकच. नऊ दिवसांचे उपवास या वर्षी धरू नका असंच मी म्हणेन. देवी समजून घेईल, सासूबाईंना समजावणं थोडं कठीण. अगदी धरायचेच असतील तर साबुदाणा कमी करा, तो जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. राजगिरा, भगर, दाण्याची आमटी, दूध, दही, फळं यांवर भर द्या. गरब्याला जाऊन बसा, टाळ्या वाजवा. तीन तास नाचणं पुढच्या वर्षी.

दिवाळीचा फराळ खा. सकाळी न्याहारीऐवजी एक चकली-एक लाडू असं करण्यापेक्षा नाश्ता नेहमीचा करून वर एक लाडू खाल्लेला बरा, म्हणजे डबा उघडून उभ्या-उभ्या चिवडा खाणं आपोआप कमी होतं. तळलेलं पोटाला जड जात असेल, विशेषतः लिव्हरचे आकडे वाढलेले असतील, तर नाचणीचे किंवा डिंकाचे लाडू जास्त करा. 100 ग्रॅम नाचणीत कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं.

दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागले तर घाबरू नका, मोठ्या तापानंतर हे होतं. सहा महिन्यांत बहुधा थांबतं. त्या भीतीने महागडी तेलं घेण्याआधी ताटातली प्रथिनं आणि रक्तातलं हिमोग्लोबिन बघा.

चालायला जाताना डास

एडिस इजिप्ती हा डास दिवसा चावतो, आणि त्याची आवडती वेळ म्हणजे सकाळ आणि सूर्य मावळण्याआधीचा तास-दोन तास. नेमकी आपली फिरायची वेळ! डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्याच प्रकारापासून आयुष्यभर संरक्षण मिळतं, बाकीच्या तिघांपासून नाही, आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराचा झाला तर तो गंभीर होण्याची शक्यता जास्त असते. म्हणून हाफ पँटऐवजी पायघोळ लेंगा किंवा ट्रॅकपँट, पूर्ण बाह्या, उघड्या अंगाला डास पळवणारं मलम. बागेत कुंड्यांपाशी बाकावर बसून गप्पा मारू नका. घरी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा: फ्रिजमागची ताटली, कुंड्यांखालच्या बशा, पिंप, कूलर रिकामे करून घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात.

पुन्हा खंड पडला तर

पडेलच. लग्न, गावाला जाणं, सर्दी-ताप, मुलांच्या परीक्षा. तीन-चार दिवसांचा खंड असेल तर जिथे होतात तिथून चालू करा. आठवडाभराचा असेल तर दहा मिनिटं कमी करून. तीन आठवडे किंवा जास्त गेले असतील तर निम्म्यावर या आणि सकाळची नाडी पुन्हा लिहायला लागा. खंडाची भरपाई म्हणून रविवारी दीड तास चालणं, किंवा लग्नातल्या जिलेबीची भरपाई म्हणून सोमवारी उपाशी राहणं, दोन्ही करू नका. सोमवारी वरण-भात, पालेभाजी, ताक असं रोजचं जेवा आणि वीस मिनिटं चालून या.

सहा आठवडे नीट खाऊन, हळूहळू वाढवूनही थकवा जराही हटत नसेल, किंवा सांधे सकाळी आखडून राहत असतील, तर डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-12 आणि ड जीवनसत्त्व यांबद्दल त्यांना विचारा. सांध्यांचं दुखणं रेंगाळत असेल तर तो चिकनगुन्याही असू शकतो, हेही त्यांच्या कानावर घाला. कॅलेंडरवर लिहिलेले नाडीचे आकडे सोबत न्या, डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.